सूर्य पाठीशी: अलिबागच्या किनाऱ्यावरची पहाट

कोकणच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो, समुद्रातून उगवत नाही. पाण्यातून वर येणारं लाल बिंबच हवं असेल तर पुरी, कोणार्कजवळची चंद्रभागा किंवा धनुष्कोडी गाठावी. मुंबईकरांना गेटवे ऑफ इंडियाचा धक्काही पुरतो, कारण तो बंदराकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून आहे. तळकोकणात देवबागच्या चिंचोळ्या पट्टीला पूर्वेच्या अंगाला कर्ली नदी आहे, त्यामुळे तिथं सूर्य निदान पाण्यावर तरी उगवतो. बाकी बहुतेक ठिकाणी पहाटेचा समुद्र टिपायचा तो सूर्याकडे पाठ करूनच. त्यात हळहळण्यासारखं काही नाही. पश्चिमेच्या आकाशात त्या वेळी जे घडतं, ते पूर्व किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्रावर पाहता येत नाही.

सूर्योदयाआधी साधारण २० मिनिटं पश्चिम क्षितिजालगत राखट निळा पट्टा दिसतो. ती पृथ्वीचीच सावली. तिच्यावर गुलाबी पट्टा असतो आणि सूर्य जसा वर सरकतो तशी सावली खाली उतरत समुद्रात बुडते. या गुलाबी पट्ट्यात पौर्णिमेचा चंद्र येऊन बसला, की चित्र जवळजवळ आयतं तयार होतं. पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य समोरासमोर असतात, म्हणून एक उगवताना दुसरा मावळतो. मात्र चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा मावळतो. ऐन पौर्णिमेच्या पहाटे तो अनेकदा क्षितिजावरच्या धुरकटात आधीच विरून गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, उजाडताना तो पुरेसा वर असतो. छायाचित्रासाठी ही दुसरी पहाट अधिक भरवशाची.

भरती-ओहोटीचं गणितही याच तिथीच्या बाजूनं आहे. कोकणातला जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता भरती, पौर्णिमेला सव्वाअकराला, प्रतिपदेला पाऊण वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे वद्य प्रतिपदेच्या पहाटे पावणेसातच्या सुमाराला पाणी सगळ्यांत मागे गेलेलं असतं, तेही उधाणाच्या दिवसांतलं. या पट्ट्यात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे ओली, सपाट, आरशासारखी वाळू लांबवर उघडी पडते. शिवाय मध्यरात्रीच्या भरतीनं आदल्या संध्याकाळची पावलं आणि चाकोऱ्या पुसून टाकलेल्या असतात. हा ठोकताळा अर्ध्या-पाऊण तासानं चुकू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी भरतीचं छापील वेळापत्रक पाहावंच. सूर्योदयाची वेळ पाहून कोणीही शनिवार निवडतो. कोकणात आधी तिथी पाहावी आणि मग सुट्टी टाकावी.

या सगळ्यासाठी अलिबागइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल, कारण समोर दीड किलोमीटरच्या आसपास कुलाबा किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० च्या सुमाराला त्याचं बांधकाम सुरू झालं. पुढे तो कान्होजी आंग्र्यांचं मुख्य ठाणं झाला. चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले तटाचे प्रचंड दगड आजही उभे आहेत. एवढा इतिहास पहाटेपुरता पुरे. मांडव्याला येणारी पहिली लाँच पहाटेच्या कामाची नाही, म्हणून आदल्या रात्री अलिबागेतच मुक्काम हवा.

गेल्या माघातली वद्य प्रतिपदेची पहाट या दृष्टीनं नमुनेदार ठरली, खरं तर सुरुवात बिघडल्यामुळेच. पूर्वेला सागरगडाच्या बाजूच्या डोंगरांवर ढगांची जाड पट्टी होती. सुरूच्या बनाकडे तोंड करून उभे असलेले ट्रायपॉड सूर्योदयाची वेळ टळताच घडी होऊ लागले. ‘आज काही नाही’ असा निकाल देऊन मंडळी चहाला गेली. महागड्या लेन्स बाळगणाऱ्यांना मान मागे वळवण्याचा कंटाळा का असतो, हे कोडंच आहे. पश्चिमेला तेव्हा निळा पट्टा जवळजवळ बुडाला होता, त्यावरची गुलाबी छटा ओल्या वाळूवर जशीच्या तशी उतरली होती आणि फिकट पिवळा चंद्र तटाच्या उत्तर टोकाशी तरंगत होता. मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असल्यानं किनाऱ्याजवळचं पाणी शांत होतं आणि लेन्सवर खारट तुषारही बसत नव्हते. दहा-बारा मिनिटांनी सूर्य ढगांच्या पट्टीवर आला. आधी किल्ल्याचा तट तांबूस झाला. किनारा अजून सुरूंच्या सावलीत निळाच होता. तांबडा किल्ला, वर चंद्र आणि खाली निळी वाळू हा मेळ फार तर दोन मिनिटं टिकला. नेहमीच्या स्वच्छ पहाटेही क्रम हाच असतो, कारण पूर्वेचे डोंगर आणि झाडं ऊन अडवतात आणि लांबच्या वस्तूवरची त्यांची सावली आधी हटते. म्हणून सूर्योदयाच्या नोंदलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटं तरी जागा सोडू नये.

चंद्र नेमका किल्ल्यामागे आणायचा तर उभं राहण्याची जागा महिन्यानुसार बदलते. मार्गशीर्ष-पौषात पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेच्या बराच उत्तरेकडे मावळतो. त्यामुळे किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडे सरकून किल्ला वायव्येच्या बाजूला घ्यावा लागतो. फाल्गुनापर्यंत तो जवळजवळ ठीक पश्चिमेला येतो. चंद्राचं बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतं. दीड किलोमीटरवरच्या तटाशी ते सुमारे १३ मीटर रुंद भासतं. २०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये ही तुलना दिसते. फोनच्या रुंद लेन्समध्ये मात्र चंद्राचा ठिपका होतो, म्हणून फोनवाल्यांनी चंद्राचा नाद सोडून वाळूकडे वळावं.

वाळूत विषय भरपूर आहेत: ओहोटीनं उठवलेले वळ, खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी, कालवं चिकटलेले खडक. यांतली एकच गोष्ट पुढे घ्यावी. किल्ला, होडी, घोडागाडी आणि प्रतिबिंब सगळं एका चौकटीत कोंबलं की नजर कुठंच ठरत नाही. क्षितिज सरळ हवं. ते मध्यावर आणावं ते केवळ प्रतिबिंब पूर्ण असेल तेव्हा. फोन उलटा धरून लेन्स वाळूच्या वितभर वर नेली, तर हातभर डबक्यातही अख्खा किल्ला मावतो. ऊन आल्यावर पाठीमागच्या सूर्यामुळे दृश्य सपाट दिसतं आणि छायाचित्रकाराची स्वतःची लांबलचक सावली चौकटीत शिरते. अशा वेळी किनाऱ्याला समांतर, उत्तरेला किंवा दक्षिणेला वळावं. आडव्या उन्हात वाळूचा प्रत्येक वळ उठून दिसतो. पोलरायझर असेल तर त्याचा परिणामही याच दिशांना सर्वाधिक.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा गुलाबी छटा ‘सुधारून’ टाकण्याची शक्यता असते. तो दिवसाच्या उजेडावर कायम करावा. परतणाऱ्या लाटेच्या रेषा हव्या असतील तर पाणी मागे फिरताच अर्ध्या ते एका सेकंदाचं एक्स्पोजर द्यावं. तीस सेकंदांत समुद्राचं धुकं होतं. हल्ली तीच फॅशन आहे, पण त्यातून कुलाब्याचा समुद्र ओळखू येत नाही. ट्रायपॉडचे पाय आधीच दाबून वाळूत रुतवावेत, नाहीतर एक्स्पोजर चालू असताना ते खचतात. परतल्यावर ते गोड्या पाण्यानं धुवावेत.

किल्ल्याच्या दिशेनं चालत गेलेल्यांनी पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात परत फिरावं. भरतीचं पाणी तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगानं चढतं आणि मधल्या सखल भागात ते माणसाच्या मागून येतं. वेळेबद्दल शंका वाटली तर घोडागाडीवाल्याला विचारावं. वाळूवर गाडी घालून लाटांसोबत फोटो काढणारे तर दर हंगामात रुततात. त्यांची दया येण्याचं कारण नाही. उधाणानं आणून टाकलेल्या बाटल्या, थर्माकोल आणि चपलांची रांग भरतीरेषेवर असतेच. चौकटीत येणारा कचरा पायानं बाजूला ढकलणाऱ्यांनी सोबत एक पिशवी आणली, तर तो तिथून उचलला तरी जाईल.

पावसाळ्यानंतर कार्तिक ते फाल्गुन अशा पाचच पौर्णिमा हाताशी असतात. फाल्गुनातली शिमग्याची, तेव्हा खोली मिळणं कठीण. उरलेल्या चारांपैकी शनिवार-रविवारी येणाऱ्या सोडून मधल्या वारी येणारी निवडावी.