मनोविकारांवरील औषधे आणि इंद्रियांचे अनुभव

मनोविकारांवरील औषधांनी झोप येते, तोंडाला कोरड पडते, हे अनेकांस ठाऊक असते. परंतु यांपैकी काही औषधे चव, श्रवण व स्पर्श यांच्या संवेदनांतही बदल घडवितात, याची जाणीव कमी आढळते. रुग्णाने असा अनुभव सांगितला, की आजार बळावला किंवा बाहेरची बाधा झाली असा समज होतो आणि औषध परस्पर बंद केले जाते. खरा धोका येथेच आहे.

ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावरील लिथियमचा उपयोग दाखवून दिला. या औषधाने काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते, तहान वाढते, हातांना बारीक कंप सुटतो. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. कडक उन्हातील श्रमांनी किंवा जुलाबांनी शरीरातील पाणी व मीठ घटल्यास त्याचे रक्तातील प्रमाण धोकादायक होऊ शकते. म्हणून नियमित रक्ततपासणी आवश्यक ठरते. कंप वाढणे, तोल जाणे, जीभ अडखळणे ही लक्षणे दिसताच रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे.

अपस्मार व उन्माद या दोहोंवर दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनचा परिणाम अधिक नवलाचा आहे. ते घेणाऱ्या काही थोड्या रुग्णांना परिचित स्वर सुमारे अर्ध्या स्वराने उतरलेले ऐकू येतात. जपानमधील संगीतज्ञ रुग्णांत अशा नोंदी झाल्या असून औषध थांबविल्यावर श्रवण पूर्ववत झाल्याचे आढळले.

नैराश्यावरील काही औषधे एकाएकी सोडल्यास डोक्यात विजेचा झटका बसल्याचा भास होतो. त्यामुळे ती वैद्यकीय सल्ल्याने, मात्रा हळूहळू कमी करीतच थांबवावी लागतात. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने रुग्णास एका जागी बसवत नाही, आतून तगमग होते. हा आजाराचा भाग समजून मात्रा वाढविल्यास तगमग अधिकच वाढते. वेळीच ओळखल्यास डॉक्टरांना मात्रा किंवा औषध बदलता येते.

शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व आरोग्यसेवक यांनी अशा तक्रारी हसण्यावारी नेऊ नयेत. अनुभव केव्हा सुरू झाला, कोणत्या गोळीनंतर झाला, याची नोंद ठेवून ती डॉक्टरांपुढे मांडण्यास कुटुंबास साहाय्य करावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावरही सल्ला मिळतो. रुग्णाचे म्हणणे विश्वासाने ऐकले गेले, तर उपचार अर्ध्यावर सुटण्याचे अनेक प्रसंग टळतील.