स्टेनलेस स्टीलला तडा का जातो?

आपण घरोघरी ज्या स्टेनलेस स्टीलची भांडी निर्धास्तपणे वापरतो, जवळजवळ त्याच जातीच्या स्टीलचे नळ तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत बसविलेले होते. या भट्ट्या 1969 साली सुरू झाल्या. तेव्हा तारापूर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. 2020 साली दोन्ही भट्ट्या बंद ठेवून पाणी फिरविणारे मुख्य नळ बदलण्याचे काम हाती घेण्यात आले. न गंजणारे स्टील बदलावे का लागले?

कारण वेल्डिंगच्या जोडापाशी आहे. आपल्या कशेळी-काल्हेर पट्ट्यात गोदामांच्या दरवाजांचे वेल्डिंग बारमाही चालते. पातळ पत्रा जोडला की वाकडा होतो, हे आपण पाहिले असेल. वितळलेला धातू निवताना आकसतो. पत्रा वाकून मोकळा होतो. जाड नळाला वाकता येत नाही, म्हणून ते आकसणे ताण होऊन आतच राहते. बाहेरून कोणी ओढत नसतानाही तेथील धातू सतत ओढलेला असतो. यास अवशिष्ट ताण म्हणतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम असते व त्यामुळेच ते गंजत नाही. परंतु जोडालगतचा भाग 500 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापला की कार्बन क्रोमियमला धरून धातूच्या कणांच्या सीमांवर साचतो आणि लगतची कड दुबळी होते. तिसरे, भट्टीतले सुमारे 285 अंशांचे पाणी. किरणोत्सर्गाने त्याचे थोडे विघटन होऊन त्यात ऑक्सिजन मिसळतो. हे तिन्ही एकत्र आले की तडा कणांच्या सीमेसीमेने वर्षानुवर्षे आत शिरतो. वरून नळ लखलखीतच! (बँकेत बेरीज जुळली तरी आम्ही नोंदी तपासतो, येथे ध्वनिलहरी सोडून जोड तपासतात.) अमेरिकेतील अशाच भट्ट्यांत 1974 साली असे तडे आढळले होते.

तिघांपैकी एक काढले तरी तडा सहसा पडत नाही. पाण्यात हायड्रोजन सोडून ऑक्सिजन कमी करता येतो. नळात थंड पाणी खेळवत जोड बाहेरून तापविला, तर आतल्या बाजूची ओढ जाऊन तेथे दाब येतो. तिसरा उपाय 0.03 टक्क्यांहून कमी कार्बनचे स्टील वापरण्याचा. मला तोच खात्रीचा वाटतो, कारण त्याला रोजची राखण लागत नाही. मात्र चालून गेलेल्या भट्टीत जुना नळ किरणोत्सारी झालेला असतो. प्रत्येक कामगाराच्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडतो हे मोजत, पाळ्या लावून तो कापावा लागतो; आणि नवा नळ जोडायचा तोही वेल्डिंगनेच.