रेलून चालवायची सायकल

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोली सुमारे 80 किलोमीटर. सायकलने जाऊन परत आलात की 160. त्यात 40 जोडले तर 200 किलोमीटरची 'ब्रेव्हे' फेरी होते. तिची मुदत साडेतेरा तास. पण हा मुलूख जंगलाचा, वाघाचा वावर असलेला. अंधारात सायकल न हाकलेली बरी. उन्हाळ्यात दिवस मोठा, पण पारा 45 अंशांपुढे जातो. डिसेंबरचा दिवस जेमतेम 11 तासांचा. म्हणजे थांबे धरून ताशी 18 किलोमीटरहून अधिक वेग ठेवावा लागेल.

सपाट रस्त्यावर या वेगाला मुख्य अडथळा हवेचाच. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती घनाच्या: वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. तुमचा वेग ताशी 15 आणि समोरचा वाराही 15 असेल, तर रोध चौपट होतो. शक्ती मात्र चौपटच लागते, आठपट नव्हे. का, ते वहीत मांडून पाहा.

हा रोध समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावरही अवलंबून असतो. रिकम्बंट सायकलवर स्वार मागे रेलून, पाय पुढे पसरून पेडल मारतो. त्यामुळे क्षेत्रफळ घटते. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशा सायकलवर फ्रान्सिस फोर याने 1933 साली तासात 45.055 किलोमीटर अंतर कापले आणि 1914 पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघाने अशा सायकली शर्यतींतून बाद केल्या! हा न्याय आम्हाला तरी पटत नाही. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे, म्हणून तिथे ती चालते.

चढावर मात्र पेडलवर उभे राहून जोर देता येत नाही. शिवाय बैठक बुटकी. ट्रकचालकाला दिसावी म्हणून मागे उंच काठीला झेंडी बांधतात.