तुळशीला 'पुरे' कोण सांगतं?

आधीच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत चुका सापडल्या तर सांभाळून घ्या. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण प्रश्न माझ्या आजीचा आहे.

गेल्या वर्षी आजी गाव सोडून आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. येताना अंगणातल्या तुळशीची फांदी लावून केलेलं रोप घेऊन आली. गावच्या तुळशीची पानं चांगली मोठी. बाल्कनीतल्या छोट्या कुंडीत मात्र नखाएवढीच! आजीने विचारलं, "एकाच झाडाची ना गं ही? मग हिला 'पुरे' कोण सांगतं?"

'सजीवांमधल्या कंट्रोल सिस्टिम्स' या विषयावर मी सेमिनार दिला होता, तोही फाडफाड इंग्रजीत. पण आजीसमोर "कायनेज, सिग्नलिंग..." यापुढे गाडी जाईना. आजी म्हणाली, "असू दे बाळा." ते 'असू दे' फार लागलं. तर आता नीट सांगते.

पान केवढं होणार हे दोन गोष्टींवर ठरतं: पेशी किती आणि प्रत्येक पेशी केवढी. कोवळ्या पानात आधी पेशींची संख्या वाढते. मग विभाजन थांबतं आणि पेशी पाणी भरून फुगतात. ढोबळ माप झाडाच्या जातीवर ठरतं (तुळशीला केळीचं पान येणार नाही!), पण त्या मर्यादेत कमी-जास्त करणारी यंत्रणा पेशीतच असते.

कायनेज हे एक प्रकारचं प्रथिन. ते एटीपीमधला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला चिकटवतं आणि ते प्रथिन चालू किंवा बंद होतं. थोडक्यात, स्विच दाबणारं बोट! यातलं 'टॉर' हे कायनेज म्हणजे ॲक्सिलरेटर. साखर, नायट्रोजन, उजेड, ऑक्सिन हे संप्रेरक, सगळं मिळालं की टॉर कामाला लागतं. ते 'एस-सिक्स-के' नावाच्या कायनेजला चालू करतं आणि पेशीत नवी प्रथिनं बनण्याचा वेग वाढतो. मुळाच्या टोकाशी तर पेशी-विभाजनाची जनुकंही टॉरच सुरू करून देतं. उपासमार झाली की 'स्नर्क-वन' हे दुसरं कायनेज पुढे येतं. ते म्हणजे ब्रेक. खर्च थांबवा, साठा जपा.

हे मुख्यतः अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या झाडावर तपासलं गेलं. २००२ मध्ये दिसलं की टॉरचं जनुक मोडलं तर गर्भाची वाढ सुरुवातीलाच थांबते. २००७ मध्ये दिसलं की टॉर वाढवलं तर पानं-मुळं मोठी होतात, घटवलं तर लहान.

मला वाटलं, मग ब्रेकच काढून टाकला तर? झाड भराभर वाढेल! तेही २००७ मध्येच करून पाहिलं गेलं. स्नर्क-वनची दोन्ही मुख्य जनुकं दाबली, तर झाडं मोठी व्हायच्या ऐवजी खुरटली. रोज रात्री झाडाला साठवलेल्या अन्नावरच भागवावं लागतं. ते जपणारं कोणी नसेल, तर दिवसाची कमाई टिकणार कशी? सबमिशनसाठी सलग नाइट मारणाऱ्या आपण सगळ्यांनीच हे लक्षात ठेवायला हवं.

हे सगळं मी आजीला सांगितलं, अडखळत, पण मराठीत. ती बराच वेळ कुंडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ही रुसलेली नाही. मिळतंय तेवढ्यात जपून राहतेय."

इतकं सोपं मला सेमिनारमध्येही सांगता आलं नव्हतं.

रविवारी आम्ही दोघींनी मोठी कुंडी आणली, शेणखत घातलं. पूर्ण वाढलेली पानं आता मोठी होणार नाहीत, हे आजीला सांगून ठेवलंय. नव्या पानांची मात्र आम्ही दोघी वाट बघतोय.