इम्प्लांटच्या आधी बीडीएस

नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण पडले नाहीत, की नागपूरजवळच्या कन्हानच्या घरांत बीडीएसचा, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीचा, विषय निघतो. लगोलग आईबाबांचा प्रश्न: ‘इम्प्लांटचा कोर्स केला तर दवाखाना चालेल ना?’ आता त्यात ‘पीआरएफ’ची भर पडली आहे.

पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) ही पद्धत २००१ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी मांडली. रुग्णाच्या हातातून थोडं रक्त घेतात आणि गोठू नये म्हणून कुठलंही औषध न घालता लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. दहा-बारा मिनिटांत तळाशी लाल पेशी, वर पिवळसर द्रव आणि मधोमध फायब्रिनची घट्ट दह्यासारखी गुठळी तयार होते. तिच्यात अडकलेल्या प्लेटलेट्स पुढचे काही दिवस वाढीचे घटक सोडत राहतात. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजतं. इम्प्लांटचा टायटॅनियम स्क्रू धरायला ते कमी पडलं, तर ही गुठळी कृत्रिम हाडाच्या दाण्यांत मिसळून तिथे भरतात.

जाहिराती इथेच वाहवत जातात. हिरडी लवकर भरून यायला पीआरएफची मदत होते; हाड किती वाढतं, यावर मात्र अभ्यासांचं एकमत नाही. हाडातला मोठा खड्डा नुसत्या गुठळीने भरत नाही. त्यात आपल्याकडचा खर्रा! तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह, दोन्हींमुळे इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. मशीन कुणीही विकत घेईल. ‘तुम्हाला आत्ता इम्प्लांट नको’ हे रुग्णाला सांगता यायला वर्षं लागतात.

ती वर्षंही मोजून घ्या. बीडीएस चार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट-एमडीएस देऊन आणखी तीन. इम्प्लांटची वेगळी एमडीएस शाखा नाही. हिरड्यांचे, कृत्रिम दातांचे किंवा मुखशल्य विभागाचे डॉक्टर हे काम करतात. शनिवार-रविवारच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, इतकंच.

नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. वानाडोंगरी आणि डिगडोह इथली महाविद्यालयं खासगी, सावंगी मेघेचंही खासगीच. फी भरण्याआधी पाचही वर्षांचा आकडा लेखी मागा. पाल्याला रुग्णाच्या तोंडात काम करणं नकोसं वाटत असेल, तर जबरदस्ती नको. डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. इम्प्लांटवरची कॅप शेवटी लॅबमध्येच बनते.

आणि कॉलेज बघायला गेलात, तर इमारतीआधी ओपीडी बघा. तिथल्या इंटर्नला विचारा: स्वतःच्या हाताने किती दात काढायला मिळाले?