हवेलीतला ‘ल’ हिंदी का दिसतो?

प्रश्न : आमच्या दुकानाच्या वेबपानावर ‘नगर हवेली’तला ‘ल’ हिंदी वळणाचा दिसतो, ‘श’ही तसाच. मराठी कीबोर्ड बसवूनही फरक नाही. सगळे पुन्हा टाइप करावे का?
— एक वाचक, सिल्वासा

उत्तर : मुळीच नको, तुमचे टायपिंग बरोबर आहे. कीबोर्ड फक्त अक्षराचा क्रमांक पाठवतो आणि युनिकोडमध्ये दोन्ही वळणांच्या ‘ल’चा क्रमांक एकच, ०९३२. वळण ठरवतो फॉन्ट. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मान्य केलेले पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये असतात, पण पान मराठी आहे हे कळल्यावरच ते पुढे येतात. म्हणून कोडमधल्या सुरुवातीच्या ‘एचटीएमएल’ टॅगमध्ये ‘लँग’ या गुणधर्मापुढे ‘एमआर’ लिहा, रोमन लिपीत. तयार साच्यांत तिथे बहुधा इंग्रजीच राहून गेलेली असते. पान गुजराती-हिंदीतही आहे म्हणाल, तर सिल्वासात ते असणारच. मग हा गुणधर्म फक्त मराठी परिच्छेदांना लावा. फॉन्टमध्ये मराठी वळणच नसेल तर मात्र फॉन्ट बदलावा लागेल. शब्दांचे चित्र करून चिकटवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो मजकूर ना नीट शोधता येतो ना कॉपी करता येतो. आणि कोडला हात लावण्याआधी फाइलची एक प्रत ठेवा.