श्रवणाच्या यादीची नक्कल

सोनगीरच्या किल्ल्याखाली ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या कानांना तांब्या-पितळेच्या भांड्यांवर पडणाऱ्या हातोड्यांचा नाद परका नसतो. तथापि त्या नादात एखादे व्याख्यान चित्त लावून ऐकणे अशक्य असल्यामुळे, पॉडकास्ट ऐकण्याची माझी वेळ हातोडे थांबल्यानंतरची, नाहीतर धुळ्याला जाणाऱ्या एस.टी.मधली. आकाशवाणीवरचा कार्यक्रम वेळ टळली की हुकतो. पॉडकास्ट मात्र आपल्या सवडीने ऐकता येतो, आणि या सोयीमुळेच इतिहास, शेती, संगीत अशा विषयांवरील कितीतरी कार्यक्रम पारखून पारखून मी मोबाइलमधील एका ॲपमध्ये जमविले होते.

एका पावसाळ्यात त्या मोबाइलमध्ये पाणी शिरले. दुरुस्तीवाल्याने हात टेकले, नवा फोन आला, तेच ॲप पुन्हा घेतले आणि उघडून पाहतो तो पाटी कोरी! यादी, अर्धवट ऐकलेल्या भागांच्या खुणा, पुढे ऐकायचे म्हणून लावून ठेवलेला क्रम, सारे नाहीसे झाले होते. कारण या नोंदी केवळ त्या यंत्रात होत्या आणि त्यांची नक्कल अन्यत्र दाखल नव्हती. जी नावे आठवली ते कार्यक्रम सापडले. जी आठवली नाहीत त्यांची हळहळ अद्याप आहे.

फोन शाबूत राहिला तरी ॲपच बरखास्त होऊ शकते. गूगल पॉडकास्ट्स ही सेवा २०२४ साली अमेरिकेत एप्रिलमध्ये आणि इतरत्र जूनमध्ये बंद झाली. यादी बाहेर नेण्यास श्रोत्यांना जुलैपर्यंत मुदत होती. अशी यादी नेता येते याचे कारण पॉडकास्टच्या मूळ रचनेत आहे. डेव्ह वायनर यांनी २००० सालच्या अखेरीस आरएसएस या खुल्या पद्धतीत ध्वनिफीत जोडण्याची तजवीज केली, तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला स्वतःचा स्वतंत्र पत्ता असतो, आणि ॲप केवळ त्या पत्त्यावर जाऊन नवा भाग आला की नाही हे पाहते. तेव्हा श्रोत्याची खरी मिळकत म्हणजे हे पत्ते. त्यांची जी फाइल निघते तिला ओपीएमएल म्हणतात. ती संगणकावर उघडली असता ओळीओळीने कार्यक्रमाचे नाव आणि त्याचा पत्ता साध्या डोळ्यांनी वाचता येतो.

मी आता वापरतो ते अँटेनापॉड हे ॲप मोफत आहे आणि खाते उघडण्याची सक्ती करीत नाही. अर्थात त्यामुळेच नकलेची जबाबदारी सर्वस्वी आपल्यावर येते. त्याच्या सेटिंग्जमध्ये आयात-निर्यातीची सोय आहे, परंतु तेथे एक भेद ध्यानात घ्यावा: ओपीएमएलमध्ये फक्त कार्यक्रमांचे पत्ते जातात, कोणता भाग ऐकला, कोणता राहिला, क्रम काय होता, हे हवे असेल तर संपूर्ण डेटाबेसची निर्यात करावी लागते. मी दोन्ही फाइली काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठवितो, आणि नवा कार्यक्रम यादीत आला की हे काम त्याच दिवशी उरकतो.

भाग आपोआप उतरवून घेण्याची सोय मात्र बंदच ठेवावी, कारण १२८ किलोबिट दराने ध्वनिमुद्रित झालेला तासाभराचा भाग सुमारे ५८ एमबी जागा व्यापतो आणि लहान फोन हां हां म्हणता भरतो. प्रवासापुरते दोन-तीन भाग घरूनच उतरवून घेतले म्हणजे वाटेत रेंज गेली तरी ऐकण्यात खंड पडत नाही.

जे कार्यक्रम केवळ यूट्यूबसारख्या एकाच मंचावर प्रसिद्ध होतात, ते ओपीएमएल फाइलीत येत नाहीत. त्यांच्यासाठी मी एक वही ठेविली आहे, आणि तीत कार्यक्रमाचे नाव, सादरकर्त्याचे नाव व शेवटी ऐकलेल्या भागाचा विषय शाईने लिहून ठेवितो.